पिंजऱ्यातला सामन की दर्यातला?

परदेशात मासळी घ्यायला गेलं की थंड काचेमागे सामनचे दोन तुकडे शेजारी शेजारी दिसतात. एक फिकट नारिंगी, पांढऱ्या चरबीच्या रुंद रेघांचा, त्यावर 'अटलांटिक' लिहिलेलं. दुसरा लालबुंद, रेघा नावापुरत्या, त्यावर 'अलास्का सॉकाय' (सॉकाय ही सामनचीच एक जात), आणि भाव बराच चढा. पहिला जवळजवळ नेहमीच पिंजऱ्यात वाढवलेला, दुसरा दर्यातून पकडलेला. अलास्कात मत्स्यशेतीला 1990 पासून बंदी आहे, त्यामुळे मासा तिथला असेल तर तो पिंजऱ्यातला नाही.

खरा फरक त्या पांढऱ्या रेघांत आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम कच्च्या अटलांटिक सामनमधून, तो पिंजऱ्यातला असेल तर 208 कॅलरी आणि 13 ग्रॅम चरबी मिळते, दर्यातला असेल तर 142 कॅलरी आणि 6 ग्रॅम. प्रथिनं दोन्हींत 20 ग्रॅमच्या आसपास.

ओमेगा-3, म्हणजे माशातली हृदयाला चांगली मानली जाणारी चरबी, मात्र पिंजऱ्यातल्यात जास्त, साधारण 2 ग्रॅम, दर्यातल्यात 1.4. त्यामुळे पाळलेला मासा निकस असतो, हे मला पटत नाही. पण सोबत ओमेगा-6, म्हणजे मुख्यतः वनस्पती तेलांतून येणारी चरबी, सुद्धा येतं: 0.9 ग्रॅम, दर्यातल्यात जेमतेम 0.2. हे सगळं खाद्यावर ठरतं. पूर्वी खाद्यात माशाचं तेल भरपूर असायचं, आता त्याची जागा बरीचशी वनस्पती तेलांनी घेतली आहे. स्टर्लिंग विद्यापीठाच्या संशोधकांना स्कॉटलंडच्या पाळीव सामनमधलं ओमेगा-3 2006 ते 2015 दरम्यान जवळपास निम्म्यावर आलेलं दिसलं.

वजनावर लक्ष असेल तर दर्यातला घ्या. फक्त तव्यावर जपा, मिनिटभर जास्त राहिला तर कोरडा पडतो. हृदयासाठी आठवड्यातून दोनदा मासा खायचा असेल आणि भाव परवडत नसेल, तर पिंजऱ्यातला बिनधास्त आणा. रवा लावून तळताना त्याला तेलही कमी लागतं.

मुंबई-पुण्यात 'नॉर्वेजियन' म्हणून मिळतो तो पिंजऱ्यातलाच. आणि रावसाला 'इंडियन सामन' म्हणत असले, तरी त्याचा सामनशी काही संबंध नाही. ओमेगा-3 साठीच एवढे पैसे मोजणार असाल तर आधी तारली आणि बांगडा बघा: दोन्ही तेलकट, दोन्ही दर्यातले, आणि सामनच्या मानाने फार स्वस्त. काटे काढत बसायला घरात कोणी तयार नसेल, तरच सामनकडे वळा.