प्लेअर्स हँडबुक (डंजन्स अँड ड्रॅगन्स, 2024): बाकी झकास, मरण मात्र फारच स्वस्त

डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं रंगवायचा फाशांचा खेळ; हे त्याचं नियमांचं पुस्तक. फोंड्यात आमचा रविवारचा खेळ याच पुस्तकावर चालतो. चित्रं, मांडणी उत्तम. माझं भांडण आहे ते मरणाच्या नियमाशी.

नियम तसा थरारक. हिट पॉइंट (पात्रात उरलेला जीव) शून्य झाले की पात्र बेशुद्ध. मग दर पाळीला वीस बाजूंचा फासा टाकायचा: 10 किंवा वर आलं तर यश, खाली आलं तर अपयश. तीन यशांच्या आधी तीन अपयशं जमली की खलास. 1 पडला तर एकदम दोन अपयशं, तेव्हा भाजी-पाव खाणारे हातसुद्धा थांबतात.

पण क्लेरिककडे (देवाच्या जोरावर जादू करणारं पात्र) 'हीलिंग वर्ड' हा बरं करणारा मंत्र असला की सगळी हवाच जाते. नुसती बोनस अ‍ॅक्शन (पाळीतली जादाची छोटी कृती), तीही 60 फुटांवरून. एक पॉइंट मिळाला तरी गडी शुद्धीवर आणि अपयशं पुसलेली! 2014 च्या आवृत्तीत किती पॉइंट मिळणार ते ठरवायला चार बाजूंचा एक फासा होता, आता दोन. वर शून्याखालचा मार सहसा मोजतच नाहीत. मग 4 पॉइंटवाल्याला आधी बरं कोण करणार? ऑगर राक्षसाचा एक सोटा बसला की तो परत आडवाच. त्यापेक्षा पडू दे! आमचा पॅलाडिन (धर्मयोद्धा) तर मास्तरांनी शिक्षा दिल्यासारखा उठाबशा काढत असतो.

म्हणून घरचा नियम लावलाय: शून्यावर गेलात की एक्झॉशनची (थकव्याची) एक पातळी. दर पातळीला वीसच्या फाशातून 2 वजा, मरणाच्या फाशातूनही. सहाव्या पातळीला थेट मरण. आता क्लेरिकबाई वेळेवर औषध देतात.

नवख्यांनी बिनधास्त घ्यावं. पाचपैकी साडेतीन.