प्रदर्शनातलं शिलाई मशीन आणि माझे १३,९०० रुपये

२,००० रुपये रोख बुकिंगचे, ११,९०० यूपीआयने. एकूण १३,९००. फॉल-पिको करून, ब्लाउज शिवून बाजूला ठेवलेले हे माझे पैसे होते, म्हणून रक्कम आधी सांगते. शिलाई मशीन घ्यायच्या विचारात असाल तर वाचा.

घरात सासूबाईंचं काळं पायमशीन आहे. सरळ टाक्याला ते आजही उत्तम, पण त्यावर पिको होत नाही, काजं होत नाहीत. मला मोटरवर चालणारं झिगझॅग मशीन हवं होतं. शिफॉनही शिवेल आणि मुलाच्या जीन्सची दुमडही घालेल असं. नाशिकमधल्या एका मंगल कार्यालयात घरगुती वस्तूंचं प्रदर्शन लागलं होतं. बोर्डावर २१,५०० खोडून १३,९०० लिहिलेले. असले सेल कसे चालतात ते तुम्हाला ठाऊक आहे, मलाही होतं. पण टेबलावरचं मशीन नावाजलेल्या कंपनीचं आणि नवं कोरं होतं, हे मी आजही ठामपणे सांगते. आमच्या कॉलनीतल्या दोघींनी माझ्यासमोर बुकिंग केलं. मीही डोळे मिटून गेले नव्हते, घरून जीन्सचा तुकडा सोबत नेला होता.

तो तुकडा आता बघवत नाही. मी त्याची चौपदरी घडी केली आणि म्हटलं, यावर चालवून दाखवा. विक्रेता म्हणाला, "ताई, डेमोच्या मशीनला बारीक सुई आहे, तुटेल. तुमचं घरी आलं की बिनधास्त शिवा." आणि तुकडा माझ्या हातात परत दिला. अहो, सुई बदलायला वेळ तो किती लागतो? स्क्रू सैल करायचा, जुनी काढायची, १६ नंबरची बसवायची. खरा मशीनवाला ग्राहकाने न सांगता हे करून दाखवतो. याच्या टेबलावर एकही जादा सुई नव्हती, तेलाची बाटली नव्हती, दुसरी बॉबिन नव्हती. मशीन विकायला बसलेल्या माणसाकडे सुई नाही! हे सगळं माझ्या समोर होतं. पण मागे बायकांची रांग, "आज शेवटचा दिवस" म्हणून चाललेला माइक, आणि तो माणूस इतका आदराने बोलत होता की घरगुती शिवणकाम करणारी कुठलीही बाई तिथे गप्प बसली असती. जाड कापडावर चालवून दाखवत नसेल तर तिथून उठा. कारण ऐकून घेऊ नका.

पैसे पाठवताना बॅनरवर कुठल्याशा ट्रेडर्सचं नाव आणि मोबाइलवर एका माणसाचं नाव. विचारलं तर म्हणे मालकाच्या मुलाचं खातं आहे. पावती म्हणून मिळालेल्या कागदावर वर "एस्टिमेट" छापलेलं, म्हणजे नुसता अंदाज, बिल नाहीच, खाली चौदा अक्षरांचा जीएसटी क्रमांक. खरा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर तो फुकट तपासता येतो. पैसे देण्याआधी तपासा.

पेटी अंधार पडल्यावर आली. टेम्पोवाला थांबलाच नाही. आत तोच रंग, तेच स्टिकर. पण कापड दाबून धरणारा फूट वर उचलला तर खालच्या प्लेटवर सुईचे ओरखडे आणि कापड पुढे सरकवणारे दाते झिजून गुळगुळीत झालेले. सुती कापडाच्या दोन पदरांवर टाके सुटत होते. बाजारातल्या कारागिराने उलटं करून उघडलं आणि आत बोट फिरवून दाखवलं. रंगाखाली जुना रंग, शटल म्हणजे खालचा दोरा अडकवणारा भाग झिजलेला. जुनं मशीन रंगवून मला नवं म्हणून दिलं होतं.

पुढचा अनुभव याहून वाईट. पोलीस चौकीत पहिला प्रश्न आला, "मशीन मिळालं ना? मग फसवणूक कसली?" भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, हे मी म्हटलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, हा दिवाणी मामला आहे, ग्राहक आयोगात जा." अर्ज घेतला, पण पोच मागितली तर साहेब बाहेर गेलेले. बँकेच्या शाखेत म्हणाले, तुम्हीच पिन टाकून पाठवलेत, आमच्याकडे काय मागता? मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक म्हणतो आम्ही फक्त हॉल भाड्याने देतो, आणि हॉल कुणी घेतला होता ते सांगत नाही. प्रदर्शनाला परवाना देणाऱ्या कार्यालयात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवलं, शेवटी लेखी अर्ज द्या म्हणाले, दिला, उत्तर नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. सगळं खरं. पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो, आणि तो ज्यांच्याकडे आहे ते देत नाहीत! मग सामान्य बाईने जायचं कुठे? चोराचा पत्ताही मीच शोधायचा का?

मी तक्रार सोडणार नाही. कारागिराकडून लेखी घेतलं आहे, मशीन दुरुस्त न करता तसंच ठेवलं आहे.

मशीन कायमचं दुकान असलेल्या, दुरुस्तीही करणाऱ्या माणसाकडून घ्या, दोन हजार जास्त गेले तरी चालतील. वॉरंटी कार्डावर मशीनचा नंबर लिहून, शिक्का मारून घ्या. आणि ज्यांनी अशा प्रदर्शनात बुकिंग करून ठेवलं आहे, त्यांनी पेटी टेम्पोवाल्यासमोर उघडा, उघडतानाचा व्हिडिओ काढा, प्लेट आणि दाते आधी बघा. ओरखडे दिसले तर पेटी घरात घेऊच नका, उरलेले पैसे तर मुळीच पाठवू नका.