रविवार पेठेतलं कटपीसचं दुकान: २८० रुपयांत चार अभ्रे
पुण्याच्या रविवार पेठेत, कापडगंजात, कटपीसच्या एका छोट्या दुकानातून फुलांचं सुती कापड घेतलं. ८० रुपये मीटर, पन्हा (कापडाची रुंदी) ४४ इंच. काकांनी स्वतःच विचारलं, "उशी केवढी आहे, ताई?" १७ बाय २७ म्हटल्यावर बोटांवर हिशेब करून साडेतीन मीटरच फाडलं. जास्त गळ्यात मारलं नाही, हे फार आवडलं.

घरी आधी भिजवून वाळवलं (आटतंच ते!), मग शिवलं. आत सहा इंच दुमड ठेवली, त्यामुळे चेन नको, बटणं नकोत. उरलेल्या पट्टीचे पडदे बांधायला बंद शिवले. खोली इतकी उजळली! सोबत घेतलेल्या लाल कापडाचा रंग मात्र पहिल्याच पाण्यात गेला. ते घेऊ नका.