डोनर एगसाठी सायप्रसला निघालेल्यांनो, पैसे भरण्याआधी हे वाचा

डोनर एगच्या, म्हणजे दुसऱ्या बाईच्या बीजातून मूल होण्याच्या उपचारासाठी एजंटाला दिलेले आमचे ७,६०,००० रुपये गेले. अ‍ॅडव्हान्स ४,७५,०००, 'तिकडच्या मंत्रालयाची परवानगी' ६५,००० (पावती नाही), पीजीटी-ए (एम्ब्रियोची, म्हणजे गर्भाची गुणसूत्र तपासणी) २,२०,०००. हातात काय, तर एक बनावट रिपोर्ट. आपल्याकडे २०२१ च्या एआरटी (कृत्रिम गर्भधारणा तंत्रज्ञान) कायद्याने बाईसाठी ५० ची वयोमर्यादा घातली. ती ओलांडलेली जोडपी हे या एजंटांचं हक्काचं गिऱ्हाईक. घरी-दारी कुणाला सांगितलेलं नसतं, बोभाटा होणार नाही, याची त्यांना खात्रीच असते.

एजंट सांगतो, "सायप्रस युरोपियन युनियनमध्ये आहे, सगळे नियम युरोपचे." हे वाक्य धड खोटंही नाही, म्हणून जास्त चीड येते. २००४ साली युनियनमध्ये गेलं ते सायप्रस प्रजासत्ताक. उत्तर भागात युनियनचे कायदे लागू नाहीत आणि त्या भागाला तुर्कस्तानखेरीज कुणाची मान्यता नाही. तिकिटावर दक्षिणेतल्या लार्नाका विमानतळाऐवजी इस्तंबूलमार्गे एर्जान दिसलं, की उत्तरेत नेतायत हे समजा. फक्त तिकीट हातात पडतं अ‍ॅडव्हान्स भरल्यावर! क्लिनिक उत्तर सायप्रसचं, खातं मात्र दुबईतल्या कुठल्याशा ट्रेडिंग कंपनीचं. क्लिनिकच्या नावावर खातं नसेल तर एक रुपया पाठवू नका.

आता तो रिपोर्ट. पुरुषाचा नमुना देऊन परत आल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर आला. एग पिकअप (डोनरचं बीज काढणं) ४ तारखेला, बायोप्सी ६ तारखेला. अहो, पीजीटी-एसाठी पेशी काढतात त्या ब्लास्टोसिस्टच्या, म्हणजे पुरेशा वाढलेल्या एम्ब्रियोच्या, बाहेरच्या थरातून, आणि ब्लास्टोसिस्ट तयार व्हायला पाच-सहा दिवस लागतात. दोन दिवसांत तिथे जेमतेम चार पेशी असतात. त्यातून काढणार काय? वर ८ फलित एगांतून ७ ब्लास्टोसिस्ट; निम्मे टिकले तरी लॅब खूश असते. जेनेटिक लॅबचं नाव नाही, सॅम्पल नंबर नाही, एम्ब्रियोच्या फोटोवर पेशंटचं नाव नाही. दोन तारखांची वजाबाकी, बस! पण अशा वेळी कोण वजाबाकी करतं? '५ नॉर्मल' या ओळीपुढे नजर जातच नाही. ओळखीच्या एमडी डॉक्टरने रिपोर्ट बघून अभिनंदन केलं, तर आम्ही काय वेगळं करणार होतो? २,२०,००० त्याच संध्याकाळी गेले. नंतर क्लिनिकला थेट मेल केला तेव्हा कळलं, फाईल उघडलेली आहे, एजन्सीने पैसेच भरलेले नाहीत, डोनरची सायकल सुरूच झालेली नाही. हा मेल पहिल्या हप्त्याआधी करा, पत्ता स्वतः शोधून. एजंटने दिलेल्या पत्त्यावर नाही.

चौकीत म्हणाले, "हा दिवाणी मामला आहे." भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) दाखवलं तर साहेबांचं उत्तर, "इथला कायदा टाळायलाच गेला होतात ना?" १९३० या सायबर हेल्पलाइनवर म्हणे, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत, यात सायबर काय? बँकेचं पालुपद 'ग्राहकाच्या सूचनेनुसार'. आरोग्य खात्याच्या लेखी एजन्सी क्लिनिकच नाही, म्हणजे नोंदणी नाही, म्हणजे तक्रार नाही. निकोसियातल्या आपल्या हाय कमिशनने कळवलं, उत्तरेत आमचं काही चालत नाही. प्रत्येक खिडकी पुढची खिडकी दाखवते, आणि प्रत्येक खिडकीवर लग्नाला किती वर्षं झाली हे मात्र आवर्जून विचारतात!

दार उघडं आहे ते जिल्हा ग्राहक आयोगाचं. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच. त्यासाठी बँकेकडून प्रत्येक ट्रान्सफरची स्विफ्ट कॉपी (परदेशी पैसे गेल्याची बँकेची नोंद) मागून घ्या. एजंट 'गोपनीयतेसाठी' व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आपोआप पुसायची सेटिंग चालू करायला सांगतो, करू नका. सांगितलं त्याच दिवशी सगळं चॅट एक्सपोर्ट करून मेलवर टाका.