वाइन द्राक्षाची बाग: काळ्या रानात की मुरमाड माळावर?

नाशिककडच्या ज्या शेतकऱ्याकडे दोन्ही प्रकारचं रान आहे, त्याने वाइन द्राक्षासाठी माळाचाच तुकडा निवडावा, असं माझं ठाम मत आहे. खाण्याच्या द्राक्षात मणी जितका टपोरा तितका भाव चांगला. वाइनच्या द्राक्षाचा रंग आणि टॅनिन (तुरटपणा देणारा घटक) मात्र मुख्यतः सालीत असतं, म्हणून तिथे मणी लहान हवा.

दोन्ही जमिनी मूळच्या एकाच दगडाच्या. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर पसरले, त्याचा हा बेसाल्ट. उतारावरची माती वाहून गेली आणि मुरूम उरला. सखलात बारीक चिकणमाती साचली. म्हणून ‘ज्वालामुखीची जमीन’ एवढ्यावर भुलू नये. ग्रीसच्या सँटोरिनी बेटावरच्या राखाळ, वाळूसारख्या जमिनीत चिकणमाती इतकी कमी की मुळं खाणारी फायलोक्सेरा ही कीड तिथे टिकली नाही. आपली काळी जमीन अगदी वेगळी.

ती पाणी धरून ठेवते. पाऊस लांबला की गोडी छाटणीच्या (पावसाळ्यानंतरच्या, फळासाठीच्या छाटणीच्या) वेळी वाफसा, म्हणजे कामाला योग्य इतपत ओल, येत नाही, ट्रॅक्टर रुततो. वेल माजतो, फुटी दाटतात, आत हवा खेळत नाही आणि केवडा हा बुरशीचा रोग शिरतो. खाली चुनखडी असेल तर लोह मिळत नाही; पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शिराझ, कॅबर्नेसारख्या लाल वाणांना हे फार नडतं.

मुरमाड रानात निचरा चांगला, वाढ आपोआप आवरते. उणीव पाण्याची, आणि ती हलकी समजू नका. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (नव्या काड्यांसाठीच्या छाटणीनंतर) काडीतल्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड तयार होतात. नेमकी तेव्हाच विहीर आटते. मे महिन्यात ठिबकला पुरेल इतकं पाणी किंवा शेततळं नसेल, तर माळाचा फायदा तिथेच संपतो.

काळंच रान असेल तर उंच बोद (मातीचे वरंबे), चर आणि खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या मुळाच्या वेलाची, नीट निवड, एवढं तरी कराच. डॉगरिज जोमदार खुंट आहे, भारी जमिनीत वेलाला आणखी माजवतो. ११० आर त्या मानाने संयत.

रोपवाटिकेत कलमं सांगण्याआधी दोन्ही तुकड्यांत कमरेइतका खड्डा घ्या. तळाच्या मातीवर सौम्य आम्ल टाका. जोरात फसफसलं तर चुनखडी भरपूर आहे. मग माती-पाणी परीक्षण करून घ्या.