मिरजेतली प्लेअर-दुरुस्ती आणि स्कॉट मॅकेन्झीचा गळा

रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करणारा माणूस सांगली-मिरजेत आता शोधावाच लागतो. मिरजेत सतार बनवणाऱ्यांच्या वस्तीजवळ एक चाचा आहेत. दुकानाला पाटी नाही. आत एका भिंतीला तारा न चढवलेले तंबोरे, दुसरीकडे पोट फाडून ठेवलेले ॲम्प्लिफायर. मूळ धंदा तंतुवाद्यांचा, प्लेअर हा चाचांचा नाद. पाचपैकी चार तारे देतोय. एक का कापला तेही सांगतो.

माझा प्लेअर एचएमव्हीचा, सासऱ्यांकडून आलेला. मिनिटाला ३३ फेऱ्यांवर बरा चालायचा, ४५ वर लावला की सूर डुलायचा. चाचांनी ताटली उचलली, आतलं रबरी चाक अंगठ्यानं दाबलं आणि म्हणाले, "काका, हे रबर राहिलंच नाही, लाकूड झालंय." मोटरच्या दांड्याकडून ताटलीला फिरवतं ते हे चाक. कडक झालं की घसरतं आणि चांगला गाणाराही बेसुरा वाटायला लागतो. चाकाला नवं रबर, मोटरला तेल, नवी सुई, सगळे मिळून साडेतेराशे. आजच्या दिवसात मला तरी हे महाग वाटलं नाही.

तपासायला बरोबर अमेरिकन गायक स्कॉट मॅकेन्झीची 'सॅन फ्रान्सिस्को' नेली होती, १९६७ ची छोटी तबकडी. भाच्यानं अमेरिकेतून जुनी विकत घेऊन आणलेली. ४५ फेऱ्यांच्या अमेरिकन तबकडीचं मधलं भोक मोठं असतं, आपल्या प्लेअरच्या खिळ्यावर ती नुसती गडगडते. मधे बसवायची चकती माझ्याकडे नव्हती. चाचांनी खुंट्यांसाठी आणलेल्या शिसवीचा एक तुकडा घेतला, कानशीनं गोल केला, मधे भोक पाडलं, पॉलिश पेपर मारला. तबकडीत असा घट्ट बसला की बोटानं ढकलून काढावा लागतो. याचे पैसे घेतले नाहीत.

कॉलेजात असताना मी गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचो, त्यामुळे माझा कान आधी तिकडे जातो. या गाण्यात बेसवर जो ऑस्बर्न आहे आणि ड्रमवर हॅल ब्लेन, दोघेही लॉस एंजेलिसच्या स्टुडिओतले मुरलेले वादक. बेस नुसता ठेका धरून बसत नाही, गाणाऱ्याच्या ओळी संपल्या की मधल्या जागेत हिंडून येतो. शेवटी गाणं वरच्या पट्टीत चढतं. माझा प्लेअर नेमका तिथेच ढिला पडायचा, त्यामुळे ही चढण मला आजवर धड ऐकूच आली नव्हती. आता कळतं की हा माणूस वर जाताना ओरडत नाही. आवाज तेवढाच गोल राहतो. केसांत फुलं माळायचं गाणं म्हणून लोक त्याला गोड-गोड समजतात (आपल्याकडे बाई भाजी आणायला निघाली तरी गजरा माळते, त्यात कसलं आलंय बंड), पण हा तयार गळा आहे. हिप्पी व्हायच्या आधी तो जॉन फिलिप्सबरोबर 'द जर्नीमेन' या त्रिकुटात लोकगीतं गायचा, तिथली मेहनत ऐकू येते.

हे गाणं त्याच फिलिप्सनं लिहिलं. जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात माँटेरेला मोठा संगीत महोत्सव ठरला होता, हिप्प्यांची झुंड येणार म्हणून गाव धास्तावलं होतं. येणाऱ्यांनी शांततेत यावं, हा गाण्यामागचा हेतू. अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं, इंग्लंडात पहिल्या. महोत्सवाच्या शेवटच्या दिवशी, १८ जूनला, दुपारी रविशंकरांची सतार झाली, तबल्यावर अल्लारखाँ. आणि त्याच रात्री त्याच मंचावर मॅकेन्झी हे गाणं गायला. मी हे सांगितलं तसे चाचा हातातलं काम ठेवून म्हणाले, "सतार कुठली होती?" रविशंकरांच्या सतारी कलकत्त्याचे नोदू मलिक बनवायचे, हे मला ठाऊक होतं, ते सांगून टाकलं. चाचांनी "असंल" म्हणून पुन्हा कानस उचलली. मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे त्यानंतर मला दोनदा ऐकावं लागलं.

मॅकेन्झी १८ ऑगस्ट २०१२ ला लॉस एंजेलिसमध्ये गेला, ७३ वर्षांचा होऊन. शेवटी त्याला जीबीएस हा मज्जातंतूंचा आजार झाला होता, पुण्यातल्या २०२५ च्या साथीमुळे आपल्याला माहीत झालेला तोच. एका गाण्याचा गायक म्हणून त्याची बोळवण झाली. पण १९८८ मध्ये बीच बॉईज या अमेरिकन बँडचं जे 'कोकोमो' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, त्याच्या चार लेखकांत हाही होता, आणि फिलिप्सच्या 'ममाज अँड पापाज' या बँडच्या नव्या संचात गावोगाव फिरून गातही होता. माझ्या तबकडीची मागची बाजू, 'व्हॉट्स द डिफरन्स', त्याची स्वतःची रचना आहे. तिथे ना 'सॅन फ्रान्सिस्को'तल्या घंटा ना फुलं. मला तर आता तीच बाजू जास्त आवडायला लागलीये.

आता कापलेला तारा. तारीख दिली की ती पाळतील या भरवशावर राहू नका. फोन उचलत नाहीत. मी जरा तगादा लावला तर "घाई असंल तर कोल्हापूरला न्या" असं तोंडावर ऐकवलं. शिवाय प्लेअर परत मिळाला तेव्हा वायर वीतभर आखूड झाली होती, का ते विचारल्यावर "जळकी होती, कापली" एवढंच उत्तर. आता मला टेबल प्लगजवळ सरकवावं लागलंय.

शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं. प्लेअरचं झाकण घरीच ठेवून जा, तिथे तंबोऱ्यांमधे ठेवायला जागा नाही. आणि अमेरिकन ४५ असेल तर ती बरोबर न्याच, चकती मापाप्रमाणे करून मिळते.