स्वायत्ततेचा मसुदा: पक्षाची समिती की खुली परिषद?

विरोधात असताना प्रादेशिक स्वायत्ततेचं धोरण ठरवायचं, तर कलमांच्याही आधी एक गोष्ट ठरवावी लागते: मसुदा पक्षाच्या समितीत लिहायचा की इतर पक्ष-संघटनांना सोबत घेऊन? मी दोन्हीकडे बसलोय.

ब्रिटनच्या मजूर पक्षाने १९९७ मध्ये सत्तेत येण्यापूर्वी या दोन्ही वाटा धरल्या. वेल्ससाठी काम मुख्यतः पक्षातच झालं. स्कॉटलंडमध्ये तिथल्या संसदेचा आराखडा ठरवायला १९८९ पासून घटना परिषद भरली; त्यात लिबरल डेमोक्रॅट, कामगार संघटना, चर्च, स्थानिक संस्था होत्या.

समितीत काम झपाट्याने होतं, हे मान्य. स्कॉटिश परिषदेचा अंतिम अहवाल यायला १९९५ उजाडलं. हुजूर पक्ष आणि स्कॉटिश नॅशनल पार्टी तर बाहेरच राहिले.

पण समितीची एक गोष्ट मला फार टोचली. आमच्या मसुद्यात ‘कर लावण्याचा अधिकार प्रादेशिक सभेला राहील’ असं वाक्य होतं. चार बैठका त्यावर गेल्या होत्या. छापील प्रत हातात आली तेव्हा तिथे ‘अधिकार देण्याचा विचार केला जाईल’ असं होतं. कोणी बदललं, कधी बदललं, इतिवृत्तात ओळ नाही. दादही कुठे मागणार? मूळ वाक्य बाहेर कोणी पाहिलंच नव्हतं.

स्कॉटलंडमध्येही नेतृत्वाने हात घातलाच. १९९६ मध्ये मजूर पक्षाचे नेते टोनी ब्लेअर यांनी संसद स्थापण्याआधी सार्वमत घेण्याची अट आणली, तेव्हा परिषदेतले अनेकजण दुखावले. पण कराचा अधिकार गुपचूप गळला नाही. तो स्वतंत्र प्रश्न म्हणून लोकांपुढे गेला आणि ६३.५ टक्क्यांनी मंजूर झाला. परिषदेत ठरलेल्या संसदेच्या १२९ जागा आणि मजूर पक्षाला एकट्याला बहुमत अवघड करणारी प्रमाणशीर निवडणूक पद्धतही स्कॉटिश संसद स्थापणाऱ्या १९९८ च्या कायद्यात टिकली.

वेल्समध्ये सार्वमत जेमतेम ६,७२१ मतांनी तरलं आणि तिथल्या प्रादेशिक सभेला स्वतःचे कायदे करण्याचा अधिकार सुरुवातीला नव्हताच. सगळं खापर कार्यपद्धतीवर फोडणं बरोबर नाही. तिथे मुळात पाठिंबाच कमी होता, १९७९ च्या सार्वमतात तर प्रस्ताव साफ आपटला होता. तरी मला दोन्हींतला फरक निव्वळ योगायोगाचा वाटत नाही.

निवडणूक वर्षभरावर आली असेल तर समिती घ्या, पण पहिला मसुदा तारखेसह जाहीर करा. हाताशी दोन-तीन वर्षं असतील तर मी परिषदच भरवीन, एखादा मोठा पक्ष रुसून बाहेर बसला तरी.